उपरण्याची सातवी गाठ

भिकाजीपंत आंबेटकर यांना मी प्रथम पाहिले ते विहिरींच्या भांडणात.

भूगोलाचा मास्तर म्हणून कल्याणच्या शाळेत रुजू होऊन मला जेमतेम पंधरा दिवस झाले होते. तलावाकाठच्या देवळाच्या सभामंडपात मुंबईचे एक विद्वान ‘चंद्रावरील डोंगर’ या विषयावर बोलणार, असे कळले. भूगोल शिकविणाऱ्याने पृथ्वीवरच्या डोंगरांपाशीच का थांबावे, म्हणून मीही गेलो. तीनएकशे माणसे जमली होती. वक्त्यांचा मात्र पत्ता नव्हता. आगगाडी वाटेत कोठेतरी अडकून पडल्याची वर्दी आली. मंडळी चुळबुळ करू लागली, मागच्यांनी वहाणा शोधायला सुरुवात केली. तेवढ्यात एक मध्यम उंचीचे गृहस्थ उभे राहिले. डोक्याला लाल पागोटे, खांद्यावर चुरगळलेले उपरणे.

“मंडळी,” ते म्हणाले, “वक्ते यायला अवकाश आहे. तोवर माझी एक घरगुती अडचण सोडवा. आमच्याकडे चार दिवस झाले, तुरीची डाळ म्हणून शिजत नाही. कोणत्या विहिरीचं पाणी आणू?”

झाले! गावातली प्रत्येक आळी आपापल्या विहिरीसाठी कंबर बांधून उभी राहिली. एका वैद्यांनी देवळामागच्या विहिरीची तरफदारी केली. इमारती लाकडाचे एक मुसलमान व्यापारी उठून म्हणाले, “पंत, पारनाक्याचं पाणी घ्या. डाळ नुसती विरघळते!” त्यावर मागून कोणी ओरडले, “डाळ विरघळते, दातही विरघळतात!” दीड तास कसा गेला हे कोणालाच कळले नाही. घामाघूम झालेले वक्ते दारात येऊन पाहतात, तो तीनशे माणसे पाण्यावरून तावातावाने भांडत आहेत. त्यांना वाटले, आपण भलत्याच ठिकाणी आलो. भिकाजीपंत शांतपणे पुढे झाले, त्यांना हाताला धरून बैठकीवर आणले आणि सभेला म्हणाले, “आता आपण या विद्वानांनाच विचारू, चंद्रावर विहीर आहे काय?” वक्त्यांनी कपाळाचा घाम पुसला आणि तेथूनच सुरुवात केली. चंद्रावर पाण्याचा थेंब नाही, असे त्यांनी सांगताच एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मोठ्याने उसासा टाकला, “मग तिथं डाळ शिजायची कशी?”

मला चौकशा करण्याची खोड आहे. ती माझ्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे आणि आमच्या घरच्या माणसांना त्यापायी बराच त्रास झालेला आहे. दुसऱ्या दिवशी मी पंतांच्या घरी गेलो. मनात शंका एकच होती, ती डाळीची. पंत कचेरीत गेले होते. त्यांच्या पत्नी यमुनाबाई दाराआडून म्हणाल्या, “आमच्याकडे डाळ उत्तम शिजते. का हो? काल पुन्हा सभेत काही बोलले वाटतं?”

तेव्हापासून आजपर्यंत या गृहस्थांविषयीचे माझे कुतूहल काही शमलेले नाही. मामलेदार कचेरीतील अव्वल कारकुनाची नोकरी त्यांनी निष्ठेने केली. पण कल्याणात त्यांना त्या हुद्द्याने कोणी ओळखत नाही. सगळे त्यांना ‘यजमान’ म्हणतात. व्याख्यान असो, कीर्तन असो, मल्लखांबाचे खेळ असोत, शाळेचा बक्षीससमारंभ असो वा ठाण्याची एखादी मंडळी वाद्ये घेऊन आलेली असो, सभेपुढे उभे राहून पाहुण्यांची ओळख करून देणे, प्रेक्षकांना सांभाळणे आणि शेवटी पानसुपारी, अत्तरगुलाब होऊन सगळे समाधानाने घरी जातील असे पाहणे, हे काम त्यांच्याकडे आपोआप जाते. घरचा यजमान पाहुण्यांना जेवू घालतो. हा यजमान कोणाच्याच घरचा नाही, याच्या हातात ना पंगत ना पाट. मग तो लोकांना देतो तरी काय? हा प्रश्न मी कित्येक वर्षे जवळ बाळगला आहे.

उत्तर शोधण्यासाठी मी त्यांच्या कामाची रीत बारकाईने पाहू लागलो. समारंभाच्या दिवशी सकाळी ते रिकाम्या मंडपात जात आणि सगळीकडे बसून पाहत. आधी पुढच्या गाद्यांवर, मग मधल्या सतरंज्यांवर, मग खांबाआड, मग थेट वहाणांपाशी. मला बैठकीवर उभे करून काहीही बोलायला लावत. मी बिचारा नद्यांची नावे म्हणत असे. “गोदावरीपर्यंत ऐकू आलं, तापी ऐकू आली नाही,” असे म्हणून ते उठत आणि एखादा पडदा वर बांधायला सांगत. पाहुण्यांना ते आदल्या दिवशी तीनच गोष्टी विचारीत. काय खाता, काय खात नाही आणि तुम्हाला मुळाक्षरे कोणी शिकविली. तिसऱ्या प्रश्नाचा उलगडा मला सभेत होई. पंत पाहुण्यांच्या पदव्या एका दमात संपवीत आणि मग त्यांच्या गावच्या पंतोजींचे नाव घेत. ते नाव ऐकताच मोठमोठ्या माणसांचे चेहरे कसे बदलतात, हे मी स्वतः पाहिले आहे.

लांबण लावणाऱ्या वक्त्यांसाठी त्यांचा एक वेगळा उपाय होता. घटका भरत आली की पंत हळूच उठून वक्त्यांपुढे पाण्याचा तांब्या ठेवीत. पहिला तांब्या आदराचा असे. दुसरा आला की आवरावे, हे इकडच्या वक्त्यांना ठाऊक होते. परगावचे एक शास्त्रीबोवा या रिवाजाबद्दल अगदीच अनभिज्ञ निघाले. त्यांनी तीन तांबे पाणी पिऊन वर पंतांच्या आदरातिथ्याची मनापासून तारीफ केली आणि त्या हुरुपात पुढे आणखी अर्धा तास बोलले. पंतांनी चौथा तांब्या काही ठेवला नाही. बाहेर आल्यावर मला म्हणाले, “मास्तर, आज आपण हरलो.”

पण ज्या प्रसंगाने माझे मन त्यांच्या पायाशी गेले तो ठाण्याचा आहे. पटकीची साथ येऊन गेली होती आणि एका पारशी डॉक्टरांचे पाणी उकळून पिण्याविषयी व्याख्यान ठेवले होते. डॉक्टर हुशार, माणूस सोन्यासारखा, पण त्यांचे मराठी फार मजेदार होते. लोक आदल्या दिवसापासूनच त्यांची नक्कल करून हसत होते, आणि ते डॉक्टरांच्या कानावरही गेले होते. व्याख्यानाआधी ते आतल्या खोलीत हात चोळत बसलेले मी पाहिले. पंत सभेपुढे उभे राहिले आणि त्यांनी डॉक्टरांची ओळख करून द्यायला सुरुवात केली ती गुजरातीत! ते गुजराती असे होते की पुढे बसलेले दोघे गुजराती व्यापारी पोट धरून हसू लागले. सगळी सभा हसली. पंत थांबले नाहीत. लिंगे उलटी, क्रियापदे आडवी, मध्येच मराठी शिव्यांसारखे ऐकू येणारे शब्द, असे पाच मिनिटे चालले. लोकांच्या पोटातले सगळे हसू त्यांच्यावर रिकामे झाले. मग डॉक्टर उठले आणि आपल्या मराठीत बोलू लागले तेव्हा एकही माणूस हसला नाही. मी नंतर पंतांना विचारले, “तुम्हाला गुजराती इतकं वाईट येतं?” ते म्हणाले, “चांगलं येतं. म्हणून तर इतकं वाईट बोलता आलं.”

अशा माणसाच्या घरी किती रंगत असेल, असे वाचकांना वाटेल. मलाही वाटले होते. यमुनाबाई एकदा मला म्हणाल्या, “मास्तर, घरी कोणी आलं ना, की हेच पाहुण्यासारखे बसतात. माझ्याकडं बघतात, मी काही बोलते का म्हणून. सगळं बोलणं देवळात ठेवून येतात.” पंत पलीकडे सुपारी कातरीत बसले होते. त्यांनी मान हलविली, म्हणजे तक्रार मान्य होती.

आता त्या उपरण्याविषयी लिहितो. ज्यासाठी हा लेख लिहायला मी आधी नकार दिला आणि नंतर स्वतः होऊन गौरवग्रंथाच्या चिटणिसांकडे मागून घेतला, ती गोष्ट त्यातच आहे.

पंतांचे उपरणे नेहमी चुरगळलेले का असते, हे मला पहिल्या चार महिन्यांत माहीत नव्हते. शाळेचा बक्षीससमारंभ फाल्गुनात ठरला. जिल्ह्याचे साहेब येणार होते. मंडप उभारला तो खाडीकाठच्या मिठागरांच्या गावच्या आगरी मंडळींनी. मिठाचा हंगाम ऐन भरात असताना त्यांनी दोन दिवस काम बाजूला ठेवले, बांबू आणि झावळ्या होडीने आणल्या आणि साहेबांच्या गावच्या लोकांनाही मान वर करून पाहावे लागेल असा मंडप घातला. त्यांचे पुढारी जोमा पाटील. उंच, काळेसावळे, थोडे बोलणारे. पंतांच्या शब्दाखातर ते आले होते, आणि मुलांच्या शाळेसाठी म्हणून त्यांनी मजुरीचे नावही काढले नव्हते.

समारंभाच्या दिवशी दुपारी पंत अंगरखा बदलायला गेले आणि उपरणे मंडपाच्या खांबावर टांगून गेले. मी ते पाहिले. जागोजागी गाठी मारलेल्या, बोळा झालेला. साहेबांपुढे आमचे यजमान असे उपरणे घेऊन उभे राहणार? मला लाज वाटली. मी ते उतरविले. एकंदर सात गाठी होत्या. काही तर दातांनी सोडवाव्या लागल्या. मग पाण्याचा हबका मारून ते मी ताणले आणि शाळेतल्या नकाशाची घालतो तशी आठपदरी घडी घातली, वर जाडजूड पुस्तक ठेवले. काम फार छान झाले होते. पंत परत आले, त्यांनी उपरणे उचलले, क्षणभर हातात धरले, आणि तेवढ्यात साहेब आल्याची वर्दी आली तसे खांद्यावर टाकले.

समारंभ उत्तम चालला. साहेबांना विडा दिला, मडमेला फुलांचा गुच्छ दिला, शाळाखात्याचे अधिकारी, मामलेदार, नगरशेट, देवळाचे पंच, सगळ्यांचा मान झाला. प्रत्येक नावानंतर पंतांची बोटे उपरण्याच्या काठावरून सरकत होती. पहिले सहा मानकरी समोरच बसलेले दिसत होते म्हणून निभावले. सहाव्यानंतरही बोटे सरकली, पण सबंध काठावर कोठेच काही लागले नाही. पंत घुटमळले. तेवढ्यात साहेबांनी घड्याळ पाहिले, गाडीची वेळ झाली होती. साहेब उठले म्हणून सगळे उठले, आणि समारंभ संपला.

जोमा पाटील आपण स्वतः रोवलेल्या खांबाला टेकून बसले होते. कोरे धोतर, नवे मुंडासे, मागे त्यांच्या गावची चाळीस माणसे. त्यांनी आपल्या दोन्ही हातांकडे पाहिले, उठले आणि निघून गेले. त्यांच्यामागे चाळीसही जण गेले. पंतांनी ते पाहिले तेव्हा मंडळी अर्ध्या वाटेवर होती. मी पंतांचा चेहरा इतका पडलेला त्याआधी कधी पाहिला नव्हता.

तिसऱ्या दिवशी कचेरीतल्या एका कारकुनाने मला सहज सांगितले, “गर्दीपुढं उभं राहिलं की मानकऱ्यांची नावं पंतांच्या डोक्यातून उडून जातात. म्हणून ज्याचा मान करायचा त्याच्या नावानं ते सकाळीच उपरण्याला गाठ मारून ठेवतात. एक मान झाला, की एक गाठ सोडतात. त्या दिवशी कशी काय चूक झाली, देव जाणे.”

मी हातातली वही खाली ठेवली. माझी नोकरी नवी होती, गाव नवे होते. सांगावे, असे वाटले. उद्या सांगू, असेही वाटले. लाज वाटत होती हे खरे, पण त्याहून जास्त भीती वाटत होती. तो उद्या अकरा वर्षे आला नाही. आज त्यांच्या गौरवाच्या पुस्तकात, सगळ्या मंडळींपुढे लिहितो. त्या सात गाठी मी सोडल्या. विसरले ते पंत नव्हेत.

पंतांनी चारचौघांत सांगितले की चूक आपली. समारंभाच्या दुसऱ्याच दिवशी ते होडीने पाटलांच्या गावी गेले आणि उतरलेल्या चेहऱ्याने परत आले. त्यानंतर पाटील कल्याणच्या कोणत्याही समारंभाला आले नाहीत. दर वर्षी पंत आमंत्रण पाठवीत. दर वर्षी मिठाची एक गोणी शाळेला येई, माणूस येत नसे.

आणखी एक गोष्ट त्या महिन्यापासून सुरू झाली आणि तिने मला अकरा वर्षे छळले. समारंभाच्या दिवशी सकाळी पंत मला हाक मारीत, “मास्तर, जरा इकडं या.” माझ्यासमोर एकेक गाठ मारीत. “ही वैद्यांची. ही कीर्तनकारांची. ही तबला वाजवणाऱ्यांची, त्यांना नेहमी सगळे विसरतात.” मग उपरणे माझ्या हाती देऊन म्हणत, “हे सांभाळा. मी अंगरखा बदलून येतो.” तेवढा वेळ मी ते दोन्ही हातांवर धरून उभा असे. गावची मंडळी मला ‘उपरणेवाले मास्तर’ म्हणू लागली. कोणी चेष्टा केली तर मी हसत असे, पण आतून चरकत असे. यांना ठाऊक आहे काय? ठाऊक असेल तर उपरणे माझ्या हाती का देतात? ठाऊक नसेल तर इतक्या माणसांतून नेमके मलाच का? भूगोलातले पुष्कळ प्रश्न मी सोडविले, हा सुटला नाही. विचारण्याचे धैर्यही झाले नाही, कारण विचारले असते तर सांगावे लागले असते.

गेल्या महिन्यात पंतांच्या साठीनिमित्त समारंभ करायचे ठरले. पंत ऐकेनात. “मी खुर्चीवर बसून काय करू? हात कुठं ठेवू?” असे म्हणाले. यमुनाबाई म्हणाल्या, “घरी ठेवता तसेच, मांडीवर!” शेवटी ते तयार झाले. मी आमंत्रणांची यादी त्यांना वाचायला दिली. त्यांनी ती वरून खालपर्यंत पाहिली आणि एकच विचारले, “पाटलांचं नाव आहे?”

“आहे,” मी म्हटले.

“येतील?”

त्यांनी यादी परत दिली आणि सुपारी कातरू लागले. सगळ्या गावाने त्यांचा गौरव केला तरी त्या मंडपात एका माणसाची रिकामी जागा त्यांना दिसत राहील, हे मला तेव्हा कळले. आणि ती जागा भरण्याचा उपाय एकट्या माझ्यापाशी होता.

मी दुसऱ्या दिवशी होडीने गेलो. ओहोटीने दगा दिला, होडी चिखलात रुतली, शेवटचा अर्धा कोस मी धोतर खोचून चिखलातून चालत गेलो. मिठाच्या पांढऱ्या राशींमधून जोमा पाटील समोरून आले. केस पिकलेले, पाठ अजून ताठ. माझ्या पायांकडे पाहून त्यांनी आधी पाणी मागविले.

“पाय धुवा, मास्तर. बसा.”

मी बसलो नाही. उभ्या उभ्याच सांगून टाकले, जसे घडले तसे. पुस्तकाखाली घडी ठेवली, तेही सांगितले. पाटील ऐकत राहिले. मग म्हणाले, “अकरा वरसं लागली तुमाला येवरे वाटंला.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“तुमी, ह्ये ठाव नव्हता. कोनीतरी हाय, ह्ये ठाव व्हता. सकालचे पारी पंतांनी माझे म्होरं गाठ मारली. बोलले, पाटील, ही तुमची, शेवटची, मंडप ज्यांनी घातला त्यांची. दुसरे दिशी त्ये इथं आले, ह्याच वट्यावर बसले. बोलले, मी इसरलू. मी बोल्लू, पंत, उपरनं दाखवा. त्यांनी दाखवलं. घड्या परलेल्या, गाठीचा नाव नाय. मी इचारलं, गाठी सोरल्या कोनी?”

“मग?”

“बोलले, उपरनं माझे खांद्यावरचं. गाठ सुटली त दोस माझा. मना राग आला. पंतांचा नाय. मी बोल्लू, ज्याचा दोस त्यो इथं येल, तवा मी कल्यानला येन. त्याआदी नाय.”

“नाव सांगितलं नाही त्यांनी?”

“लय इचारलं. घडी बघून वलखलंय, येवरं बोलले. नाव नाय सांगितलं. जाताना बोलले, पाटील, ज्याचे हातान गाठी सुटल्या, त्याचेच हातात आता उपरनं देन. सगल्या गावात त्योच आता जीवापार जपल.”

मी खाली बसलो. आठपदरी घडी अख्ख्या कल्याणात एकच माणूस घालतो, हे मला स्वतःला अकरा वर्षांत सुचले नव्हते. पंतांनी मला एका शब्दाने दुखविले नाही, कोणापाशी उघडे पाडले नाही. उलट दर समारंभाला सगळ्यांदेखत माझ्या हातात तीच वस्तू ठेवली, जी माझ्या हातून बिघडली होती, आणि तिची राखण माझ्याकडे दिली. मी त्याला संशय समजत होतो. पाटलांसमोर मला रडू आले, आणि ते लिहायला मला संकोच वाटत नाही.

सभेचा यजमान लोकांना काय देतो, या माझ्या जुन्या प्रश्नाचे उत्तर मला त्या ओट्यावर मिळाले. आलेल्या प्रत्येकाला आपले येणे कोणाच्या तरी लक्षात राहिले आहे, याची खात्री तो देतो. दारच्या वहाणांपाशी बसलेल्यालाही देतो, मोडके मराठी बोलणाऱ्यालाही देतो. आणि ज्याच्या हातून चूक झाली त्याचीही जागा तो मंडपात राखून ठेवतो.

पाटलांनी मला भाकरी आणि सुके मासे खाऊ घालण्याचा बेत केला, मग माझी अडचण ओळखून गूळ आणि नारळ पुढे ठेवला. निघताना मी विचारले, “मग याल ना?”

“येन. चालीस जनांना घेवून येन.” मग त्यांनी मिशीआड हसून विचारले, “पन गाठी कोन मारनार? पंत त खुर्चीव बसनार.”

ते काम, आणि त्या दिवसापुरते यजमानपणही, आता माझ्याकडे आले आहे; गाठी माझ्याच उपरण्याला असतील. मी काही पंत नव्हे. मला विहिरींवरून गावाला भांडायला लावता येणार नाही, आणि माझे गुजराती खरोखरच वाईट आहे. पण सकाळी मंडपात जाऊन मी सगळीकडे बसून पाहणार आहे, खांबाआड आणि वहाणांपाशीसुद्धा. नद्यांची नावे म्हणायला या वेळी दुसऱ्या कोणाला उभे करीन. आणि कोणी लांबण लावली तर दुसरा तांब्या तयार असेल, हे वक्त्यांनी या लेखातूनच समजून घ्यावे.

भिकाजीपंत, हे पुस्तक आपल्या हाती पडेल तेव्हा जोमा पाटील आपल्या शेजारच्या खुर्चीवर बसलेले असतील. पाने उलटण्याआधी एकदा त्यांच्याकडे पाहा. अकरा वर्षांपूर्वीचा त्यांचा विडा त्या दिवशी सर्वांआधी दिला जाईल आणि तो आपल्याच हातून दिला जाईल. तेवढे एक काम आपल्याला करू देऊ. बाकी हात मांडीवर ठेवून बसावे, ही यमुनाबाईंची आज्ञा आहे. आपले गुडघे दुखणे थांबो, सुपारी चावण्यापुरते दात शाबूत राहोत, डोळे आणि कान असेच तेज राहोत आणि पुढची चाळीस वर्षे आम्ही मारलेल्या गाठी तपासायला आपण सकाळच्या मंडपात येत राहा, एवढेच मागणे देवापाशी आहे.

त्या दिवशी आपल्या खांद्यावरचे उपरणे मी स्वतः घडी करून आणीन. आठपदरी, एकही गाठ नसलेले. आपल्याला त्या दिवशी कोणालाही लक्षात ठेवायचे नाही, पंत. आम्ही सगळे आलो आहोत.